लेन्स खुपतेय? मग सवय लावून घेऊ नका

गेल्या रविवारी भाचीने पहिल्यांदा घरी स्वतःच्या हाताने लेन्स घातली. डॉक्टरांकडे शिकवलं तेव्हा लगेच जमलं होतं म्हणे, पण घरी आरशासमोर बसल्यावर बोट डोळ्याजवळ आलं की पापणी आपोआप मिटायची, मग बोट मागे, परत एक श्वास, परत प्रयत्न, असं पाऊण तास चाललं. मी शेजारी नुसती बसून होते, हात लावला नाही, कारण हे ज्याचं त्यालाच जमावं लागतं. शेवटी उजवी गेली, मग डावी त्यामानाने पटकन गेली आणि ती चष्म्याशिवाय समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली, तारखांच्या खालची बारीक अक्षरंसुद्धा. तिचा चेहरा बघून मला माझा पहिला दिवस आठवला. आणि मग ती म्हणाली, "मावशी, उजवी थोडीशी खुपतेय गं, पण चालेल, होईल सवय."

मी म्हटलं काढ. आत्ताच्या आत्ता काढ.

ती बघतच राहिली, पाऊण तासाची मेहनत होती बिचारीची. पण "होईल सवय" हे वाक्य मी स्वतः पाच-सहा वर्षं रोज मनात म्हणत होते आणि त्याची किंमत माझ्या उजव्या डोळ्याने मोजलीय. तिला त्या दिवशी जे जे सांगितलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण नवीन लेन्स घेतलेल्या प्रत्येकाला मला हेच सांगावंसं वाटतं: सॉफ्ट लेन्स नीट बसलेली असेल, स्वच्छ असेल, तुमच्या डोळ्याच्या मापाची असेल तर पाच-दहा मिनिटांत ती डोळ्यात आहे हेच विसरायला होतं. पहिले काही दिवस थोडं वेगळं वाटेल, ठीक आहे, पण टोचणं, चुरचुरणं, संध्याकाळी कधी एकदा काढतेय असं होणं हे सगळं "लेन्स म्हणजे असंच असतं" म्हणून सोडून द्यायचं नाही. त्याला काहीतरी कारण असतं आणि बहुतेक वेळा ते सापडतं. (हार्ड लेन्सची गोष्ट वेगळी, म्हणजे ती छोटी कडक असते ना ती, तिची सवय व्हायला खरंच काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात आणि डॉक्टर रोजचे तास हळूहळू वाढवायला सांगतात.)

आधी माझं काय झालं ते सांगते, म्हणजे मी इतकी मागे का लागते ते कळेल. माझी लेन्स दर महिन्याला बदलायची होती, मी ती दीड-दीड महिना वापरायचे कारण "अजून छान दिसतंय की". डबीतलं सोल्युशन, म्हणजे लेन्स रात्री ज्यात ठेवतो तो जंतुनाशक द्रव, रोज ओतून द्यायचे नाही, वरून थोडं घालायचे. प्रवासात दोन-तीनदा तशीच झोपले होते आणि सकाळी काही झालं नाही त्यामुळे भीड चेपली. संध्याकाळी डोळे लाल व्हायचे, वाटायचं दिवसभर काम केलं की होणारच. मग एका सकाळी उजवा डोळा लाल होता, थोडा दुखत होता, तरी मी लेन्स घातली, तीन-चार तासांत उजेडाकडे बघवेना, डोळ्यातून पाण्याची धार लागली आणि लेन्स काढल्यावरही दुखणं कमी होईना, उलट वाढलं. डॉक्टरांनी डोळ्याला एक केशरी रंगाची पट्टी लावली, निळ्या उजेडात बघितलं आणि मला सहज विचारावं तसं विचारलं, "लेन्सची डबी आणलीय का बरोबर?" ती डबी आणि लेन्स दोन्ही तपासणीला गेलं. बुबुळावर जखम झाली होती, कॉर्नियल अल्सर म्हणतात त्याला. पहिले दोन दिवस दर तासाला अँटिबायोटिक थेंब, रात्रीसुद्धा, गजर लावून लावून. नशीब इतकंच की जखम मध्यावर नव्हती. टाचणीच्या टोकाएवढा पांढरा डाग अजून आहे तिथे, नजरेच्या वाटेत येत नाही म्हणून मला नीट दिसतं. मध्यावर असता तर कायमचं धूसर झालं असतं.

त्यानंतर मी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की त्यांनी शेवटी कागदावर डोळ्याचं चित्र काढून दाखवलं. तेव्हा कळलं की बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया, त्यात रक्तवाहिन्याच नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. मग त्याला ऑक्सिजन कुठून मिळतो तर बहुतेक सगळा थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. म्हणजे आपण डोळा उघडा ठेवतो तेव्हा तो पडदा अक्षरशः हवेवर श्वास घेत असतो, आणि लेन्स घातली की आपण त्याच्यावर झाकण ठेवतो. झाकणातून हवा किती जाते आणि ते किती तास ठेवतो यावर पुढचं सगळं अवलंबून. वर्षानुवर्षं ऑक्सिजन कमी पडला तर कडेने बारीक रक्तवाहिन्या त्या पारदर्शक पडद्यात शिरायला लागतात, जिथे त्या असायलाच नकोत. आणि हे होताना दुखत नाही!

दुसरी गोष्ट मला जास्त हादरवून गेली. कॉर्नियामधे संवेदना देणाऱ्या नसा प्रचंड दाट असतात, म्हणून तर धुळीचा कण गेला तरी आपण कासावीस होतो. पण खूप वर्षं लेन्स वापरून, विशेषतः हवा कमी जाऊ देणारी लेन्स, ही संवेदना कमी होऊ शकते. म्हणजे मला जी "सवय" झाल्यासारखी वाटत होती ती कदाचित सवय नव्हतीच, डोळ्याची तक्रार करायची ताकद कमी झाली होती. हे कळल्यापासून मी खुपणाऱ्या लेन्सला एक मिनिटही देत नाही.

तर आता घालण्याबद्दल. भाचीची उजवी लेन्स काढली, तळहातावर घेतली, सोल्युशनचे दोन थेंब टाकले आणि दिव्याखाली धरली तर कडेला एक निळसर तंतू चिकटलेला, केसापेक्षा बारीक. टॉवेलचा होता! हात धुऊन तिने मऊ निळ्या टॉवेलला पुसले होते आणि तिथूनच तो आला. हे इतकं कॉमन आहे की मला वाटतं निम्मी टोचणारी प्रकरणं टॉवेलमुळेच असतील. हात साध्या साबणाने धुवायचे, खूप वासाचा किंवा क्रीमवाला साबण नको कारण त्याचा थर बोटांवर राहतो आणि लेन्सला लागतो, मग भरपूर पाण्याने साबण घालवायचा आणि तंतू न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाला पूर्ण कोरडे करायचे. कोरडे हे महत्त्वाचं, कारण दोन आहेत. एक म्हणजे नळाच्या पाण्याचा थेंबही लेन्सला लागता कामा नये (त्यावर पुढे सविस्तर येतेच). दुसरं म्हणजे बोट ओलं असेल तर लेन्स बोट सोडतच नाही. लेन्स नेहमी जास्त ओल्या पृष्ठभागाकडे जाते, डोळा ओला आणि बोट कोरडं असेल तर ती डोळ्यावर आपसूक जाऊन बसते, बोट ओलं असेल तर तुम्ही दहा वेळा टेकवा, ती बोटाबरोबर परत येणार. भाचीच्या पाऊण तासातला बराच वेळ यातही गेला होता.

लेन्स उलटी आहे का हे बघायला ती बोटाच्या टोकावर ठेवून डोळ्याच्या रेषेत धरायची. सरळ असेल तर वाटीसारख्या कडा वर जातात, उलटी असेल तर कडा बाहेर फाकतात, बशीसारख्या. काही लेन्सवर अगदी बारीक १२३ लिहिलेलं असतं, ते बाहेरून सरळ वाचता आलं म्हणजे बरोबर. उलटी गेली तरी डोळ्याला इजा होत नाही, पण ती नीट बसत नाही, पापणी मिटली की सरकते आणि खुपते. रोज उजव्या डोळ्यापासूनच सुरुवात करायची, काढतानाही उजवीच आधी, म्हणजे दोन्ही नंबर वेगळे असले तर अदलाबदल होत नाही. हे फार साधं वाटतं पण अर्धवट झोपेत याचाच आधार असतो.

घालताना त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी खाली ओढायची आणि दुसऱ्या हाताने वरची पापणी अगदी केसांच्या मुळाशी धरून वर घट्ट पकडायची. बहुतेक जण वरची पापणी फार वरून धरतात, मग ती मिटायला जागा राहते आणि मिटतेच, तो प्रतिक्षिप्त झटका आहे, त्याच्याशी इच्छाशक्तीने भांडता येत नाही, पापणी मुळाशी धरली की मग प्रश्नच मिटतो. नजर येणाऱ्या बोटावर ठेवायची नाही. आरशात दुसऱ्या डोळ्याकडे बघा किंवा वर बघा आणि लेन्स खालच्या पांढऱ्या भागावर टेकवा. टेकली की लगेच पापण्या सोडायच्या नाहीत, आधी खाली बघायचं, हळूच सोडायच्या, डोळा मिटून एकदा गोल फिरवायचा. घाईत सोडलं की खाली हवेचा बुडबुडा राहतो किंवा लेन्स दुमडून बाहेर येते.

आणि हो, ती आत मागे जाऊन हरवत नाही. भाचीने मला अगदी घाबरून विचारलं होतं, "मावशी, मागे सरकून मेंदूकडे गेली तर?" जाऊच शकत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जी पातळ त्वचा असते ती पापणीच्या आत वळून पापणीला जोडलेली असते, म्हणजे वर आणि खाली बंद खिसे आहेत. लेन्स फार तर वरच्या खिशात दुमडून बसते. लेन्ससाठी चालणारे थेंब घालायचे, डोळा मिटायचा, खाली बघत वरच्या पापणीवरून हलका मसाज करायचा, ती खाली येते. नाहीच आली तर डॉक्टरांकडे जायचं, पण बोट घालून खरवडत बसायचं नाही.

काढताना लोक एक भयंकर चूक करतात, मी केलीय. लेन्स आधीच पडून गेलेली असते किंवा बाजूला सरकलेली असते आणि आपण चिमटीने बुबुळच धरायला जातो. म्हणून चिमूट घ्यायच्या आधी दुसरा डोळा झाकून बघा, धूसर दिसलं तर लेन्स जागेवर नाहीये. असेल तर वर बघायचं, बोटाने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि तिथे अंगठा आणि तर्जनीच्या मऊ भागाने, नखांनी नाही, हलकेच चिमटीत धरायची. दिवसभरानंतर कोरडी होऊन चिकटली असेल तर ओढायची नाही, थेंब घालून चार-पाच मिनिटं थांबायचं, ती हलायला लागली की मग काढायची.

आता पाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हेच सगळ्यात कमी सांगितलं जातं. नळाचं पाणी, फिल्टरचं पाणी, पोहण्याच्या तलावातलं, समुद्राचं, शॉवरचं, कुठलंही पाणी लेन्सला लागू द्यायचं नाही. "पिण्याचं पाणी आहे ना, मग स्वच्छच की" हे इथे चालत नाही. पाण्यात आणि मातीत अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. पिण्यात गेला तर पोटाला काही होत नाही, पण लेन्सला चिकटून डोळ्यावर गेला आणि तिथे एखादा बारीकसा ओरखडा असला तर तो कॉर्नियात शिरतो. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती कडक कवच करून बसतो आणि त्या अवस्थेत क्लोरीनलाही दाद देत नाही. हा संसर्ग दुर्मिळ आहे, घाबरून जाऊ नका, पण ज्यांना होतो त्यांच्यात बहुतेक लेन्स वापरणारे असतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि काहींना कॉर्निया बदलायची वेळ येते. शिवाय साध्या पाण्याने सॉफ्ट लेन्स फुगते, तिचा आकार बदलतो आणि ती डोळ्याला घट्ट चिकटते. त्यामुळे आंघोळ आधी, लेन्स नंतर. तोंड धुणं आधी, लेन्स नंतर. पोहायचं असेल तर लेन्स काढून नंबरचा गॉगल घाला, आणि अगदीच इलाज नसेल तर रोज फेकायची लेन्स, त्यावर घट्ट गॉगल आणि बाहेर आल्या आल्या लेन्स काढून टाकायची. थुंकी लावून लेन्स ओली करणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून नका करू, तोंडात किती जंतू असतात!

लेन्स मी आता बेसिनवर घालतच नाही, टेबलावर स्वच्छ कागद अंथरून, त्यावर आरसा ठेवून घालते. पडली तरी कोरड्या कागदावर पडते.

डबीचं म्हणाल तर ती धुवायचीही पाण्याने नाही. सकाळी लेन्स घातली की उरलेलं सोल्युशन ओतून द्यायचं, ताज्या सोल्युशनने डबी खळखळून घ्यायची, स्वच्छ टिश्यूने आतून पुसायची आणि झाकणं काढून पालथी वाळवायची. आतल्या बाजूला एक बुळबुळीत थर धरतो जो डोळ्याला दिसत नाही, जंतू त्यातच राहतात, पुसल्याशिवाय तो निघत नाही. दर तीन महिन्यांनी डबी फेकून नवीन घ्यायची, त्याआधीही चालेल. जुन्या सोल्युशनवर नवीन ओतणं म्हणजे त्याची जंतू मारायची ताकदच पातळ करणं आहे, आणि मी हे वर्षानुवर्षं केलं. २००६ मधे फ्युझेरियम नावाच्या बुरशीच्या डोळ्याच्या संसर्गाची साथ आली होती तेव्हा एक सोल्युशन जगभरातून परत मागवलं होतं, आणि पुढच्याच वर्षी अकँथअमीबाच्या साथीनंतर आणखी एक. त्यानंतर तज्ज्ञांनी बाटलीवर "चोळायची गरज नाही" असं लिहिलं असलं तरी लेन्स चोळूनच धुवा असं सांगायला सुरुवात केली. तळहातावर लेन्स, थोडं सोल्युशन, बोटाने दोन्ही बाजूंनी हलकं चोळायचं, एकाच दिशेत, मग परत सोल्युशनने धुऊन डबीत. दिवसभरात अश्रूंमधली प्रथिनं आणि चरबी लेन्सवर बसते, ती नुसतं भिजवून निघत नाही.

आणखी एक गोंधळ होतो, सलाईन आणि सोल्युशन एकच समजतात लोक. सलाईन हे फक्त मिठाचं निर्जंतुक पाणी, त्याने लेन्स धुता येते पण रात्रभर ठेवली तर जंतू मरत नाहीत. तिसरा प्रकार हायड्रोजन पेरॉक्साईडचा, ज्यांना नेहमीच्या सोल्युशनमधल्या रसायनांनी डोळे लाल होतात त्यांच्यासाठी तो उत्तम, साफही छान करतो, पण त्याबरोबर येणारीच डबी वापरायची आणि निदान सहा तास ठेवायची, तोपर्यंत पेरॉक्साईडचं साधं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातो. घाईत थेट डोळ्यात गेलं तर आग आग होते. म्हणून त्याच्या बाटलीचं तोंड लाल असतं. सोल्युशनचीही उघडल्यापासूनची मुदत असते, बाटलीवर लिहिलेली असते, उघडलेली तारीख पेनाने बाटलीवरच लिहून टाका.

तारखेवरून आठवलं, महिन्याची लेन्स म्हणजे तीस वेळा घातलेली लेन्स असा हिशेब नसतो. पाकीट फोडलं त्या दिवसापासून महिना. मधे आठवडाभर घातली नाही तरी महिना तो महिनाच. कधीतरीच लेन्स घालणाऱ्यांनी तर रोज फेकायचीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, ना डबी ना सोल्युशन, रोज नवीन कोरी लेन्स. मी त्या अल्सरनंतर तीच वापरते. फक्त ती रात्री डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी परत घालायची नाही, ती त्यासाठी बनवलेलीच नाही. आणि वापरलेल्या लेन्स बेसिनमधे किंवा संडासात टाकू नका, कचऱ्यात टाका, प्लास्टिकच आहे ते शेवटी.

झोपायचं नाही. दुपारची वीस मिनिटांची डुलकीसुद्धा नाही. पापणी मिटली की हवा बंद, कॉर्नियाला जो थोडाफार ऑक्सिजन मिळतो तो पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडून, आणि मधे लेन्स. अश्रूंची हालचालही थांबते, म्हणजे लेन्सखाली जे जंतू आहेत ते तिथेच. लेन्स घालून झोपल्याने कॉर्नियाच्या गंभीर संसर्गाचा धोका सहा ते आठ पट वाढतो, रात्रभर घालायला मान्यता असलेल्या लेन्सलाही धोका असतोच. माझ्या प्रवासाच्या बॅगेत आता कायम चष्मा, रिकामी डबी आणि छोटी सोल्युशनची बाटली असते. चष्मा तर हवाच, चालू नंबरचा हवा. लेन्स वापरणारे बरेच जण जुना, दोन नंबर मागचा चष्मा ठेवतात आणि मग डोळा दुखत असतानाही "चष्म्याने नीट दिसत नाही" म्हणून लेन्सच घालतात. मी त्यातलीच होते.

मला एक गोष्ट नेहमी भारावून टाकते. १८८८ मधे पहिल्यांदा लेन्स लावल्या गेल्या त्या काचेच्या होत्या, डोळ्याचा पांढरा भागही झाकणाऱ्या, एक-दोन तासांपलीकडे सहन होत नव्हत्या. मऊ लेन्स बनवली ती ओटो विख्टरले नावाच्या चेक रसायनशास्त्रज्ञाने, १९६१ च्या ख्रिसमसमधे, घरच्या टेबलावर, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून केलेल्या यंत्रावर. पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन हायड्रोजेल आलं, ज्यातून ऑक्सिजन कितीतरी जास्त जातो. एवढ्या लोकांनी इतकी वर्षं डोक्यात एकच गोष्ट ठेवली, की ती डोळ्यात जाणवू नये, आणि आपण खुपणारी लेन्स दिवसभर सहन करत बसतो.

संध्याकाळी कोरडं पडण्याचं कारण बऱ्याचदा लेन्स नसतंच, स्क्रीन असते. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनकडे बघताना ते खूप कमी होतं आणि जे मिटतो तेही अर्धवट. लेन्सचा ओलावा टिकतो तो पापणीने पसरलेल्या अश्रूंवर. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं आणि मुद्दाम पाच-सहा वेळा पूर्ण, वरची पापणी खालच्या पापणीला टेकेल अशी मिटायची. पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, तेव्हा दोन दिवस चष्मा. थेंब घ्यायचे तर लेन्सबरोबर चालतात असं लिहिलेले घ्या, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. लाली घालवणारे थेंब तर अजिबात नकोत, ते लालीचं कारण झाकतात फक्त.

हे सगळं करूनही खुपत असेल तर माप चुकलंय का बघा. लेन्सला नंबराशिवाय वक्रता आणि व्यास असतो, पाकिटावर बीसी आणि डीआयए म्हणून लिहिलेला असतो, तुमच्या डोळ्याला ८.४ वाली बसेल का ८.८ वाली हे डॉक्टर डोळ्यावर लेन्स ठेवून, ती पापणीबरोबर किती हलते ते बघून ठरवतात. घट्ट लेन्स सकाळी छान वाटते आणि संध्याकाळी डोळा लाल करते, सैल असेल तर मिटलं की नजर हलते. आणि चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही, चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो आणि लेन्स डोळ्यावरच, त्यामुळे चारच्या पुढे फरक पडायला लागतो. उणे ६ चा चष्मा असेल तर लेन्स साधारण उणे ५.५० ची लागते. सिलिंडर म्हणजे आडवा-तिरका नंबर असेल तर त्यासाठीची वेगळी, टोरिक लेन्स, ती डोळ्यात ठराविक दिशेतच राहावी लागते. नुसत्या रंगासाठी घालायची लेन्स असेल, बिननंबरची, तरी मापाशिवाय घ्यायची नाही आणि मैत्रिणीची तर कधीच घालायची नाही.

मेकअपचं एवढंच, लेन्स आधी मेकअप नंतर, आणि उतरवताना आधी लेन्स काढायची. काजळ पापणीच्या आतल्या कडेवर लावायचं नाही, तिथेच तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात. हेअरस्प्रे लेन्सच्या आधी.

आणि ज्या दिवशी डोळा लाल असेल, दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल त्या दिवशी लेन्स घालायचीच नाही, घातली असेल तर काढायची आणि डॉक्टरांकडे जायचं, लेन्स आणि डबी बरोबर घेऊन. "उद्यापर्यंत बघू" करू नका, काही जंतू एक-दोन दिवसांत कॉर्नियाचं कायमचं नुकसान करतात. घरातले जुने थेंब घालू नका, स्टिरॉईडवाले तर बिलकुल नाही, चुकीच्या संसर्गात ते आगीत तेल ओततात. रोज सकाळी मी आरशात तीन गोष्टी बघते, डोळा पांढरा दिसतोय का, बरं वाटतंय का, एकेक डोळा झाकून नीट दिसतंय का. दहा सेकंद लागतात.

भाचीची ती लेन्स आम्ही चोळून धुतली, तंतू निघाला, तिने हात परत धुऊन या वेळी टिश्यूला कोरडे केले आणि लेन्स दुसऱ्याच प्रयत्नात गेली. मग आम्ही बाहेर येऊन गप्पा मारत बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी ती एकदम गप्प झाली, डावा डोळा हाताने झाकून कॅलेंडरकडे बघायला लागली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही मावशी, उजवी आहे का पडली ते बघत होते."